पाठकोऱ्या कागदांचा क्रम

बाबांना जाऊन महिना उलटला असेल-नसेल, तेव्हा त्यांच्या जुन्या संस्थेतून फोन आला. संस्थेत आता अभिलेखागार सुरू झालं होतं आणि निवृत्त झालेल्या किंवा गेलेल्या प्राध्यापकांचे कामाचे कागद त्यांना हवे होते. फोनवरच्या बाई फार आदबीने बोलत होत्या. आधी दुःख व्यक्त केलं आणि मग हळूच विचारलं, कागद अजून आहेत ना? की कबाडीवाल्याला दिले? मी मानेसरहून परतणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये होते. म्हटलं, आहेत, सगळा माळा भरलाय, या आणि घेऊन जा. असं म्हणताना मला काही वाटलं नाही.

त्या दिवसांत मला कशाचंच काही वाटत नव्हतं. उगाच खोटं कशाला लिहू? पुण्यानुमोदनाच्या दिवशी भंतेजी पंचशील देत होते आणि मी हात जोडून खुर्च्या पुरतील की नाही ते बघत होते. लोक जवळ घ्यायचे, मी जवळ जायची. ऑफिसात मी एचआरला आहे. कुणाच्या घरी कुणी गेलं की शोकसंदेशाची मेल माझ्याच कॉम्प्युटरवरून जाते. या वेळी तीच मेल मला आली, माझ्याच शब्दांत, माझ्या हाताखालच्या मुलीने पाठवलेली. मी तिला 'थँक्स' लिहिलं आणि पुढच्या कामाला लागले.

बाबा साथरोगांचे प्राध्यापक होते. म्हणजे डॉक्टर, पण औषध न देणारे. आमच्या दिल्लीतल्या पटपडगंजच्या सोसायटीत हे कुणाला कधी पटलं नाही. लोक खोकला घेऊन यायचे आणि बाबा त्यांना विचारायचे, तुमच्या मजल्यावर आणखी कोणाला आहे? कधीपासून? माणूस गोळी मागायला आलेला असायचा, तो वैतागून परत जायचा. कोविड आला तोवर बाबा निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. त्यांना कुणी काही विचारलं नाही. ते टीव्हीसमोर बसून, आलेख चुकीचा काढलाय, म्हणून अँकरवर ओरडायचे.

घरात मात्र ते ओरडायचे नाहीत. बोलायचेच नाहीत फारसं. एका एप्रिलमध्ये जयंतीच्या जेवणानंतर आमच्यातल्या बऱ्याच लोकांची पोटं बिघडली. दुसऱ्या दिवशी बाबा घरोघर गेले. मठ्ठा घेतला होता का? किती वाजता? बर्फ घालून की बिनबर्फाचा? जे आजारी पडले नव्हते त्यांनाही त्यांनी विचारलं, आणि त्याचा लोकांना जास्त राग आला. समितीचे काका घरी येऊन म्हणाले, "वहिनी, साहेबांना आवरा. सगळ्यांना वाटतंय आम्हीच विष घातलं." आई त्यांना म्हणाली, "मला पण विचारलंय हो त्यांनी. लग्नाला इतकी वर्षं झाली, माझ्या तब्येतीची एवढी चौकशी पहिल्यांदाच झाली." यावर बाबा हसले नाहीत. त्यांनी आईच्या नावापुढे मठ्ठ्याच्या रकान्यात बरोबरची खूण केली. दोष बर्फाचा निघाला.

त्यांचं सगळ्यात मोठं काम पानिपतचं. तिथल्या मागांवर काम करणाऱ्या घरांमधला खोकला त्यांनी वर्षानुवर्षं मोजला. आम्ही मूळचे विदर्भातले, आणि नातेवाईक आले की हटकून म्हणायचे, अहो, पानिपतला जाऊन आपलं कुणी जिंकून आलंय का? बाबा दर आठवड्याला बसने जायचे आणि आठवड्याचे फॉर्म घेऊन यायचे. प्रत्येक फॉर्म कार्बन लावून भरलेला असे. वरची प्रत संस्थेत जाई, खालची आमच्या घरी. घरच्या प्रतीला रविवारी नंबर लावायचा असे. आई पलंगभर फॉर्म पसरायची आणि क्रमाने गठ्ठे बांधायची. मी आणि भाऊ तिला हाताखाली. एखादा नंबर मागेपुढे झाला तर बाबा रागवायचे नाहीत. गप्प बसून सगळा गठ्ठा सोडायचे आणि पहिल्यापासून लावायचे. त्यापेक्षा रागावलेलं परवडलं असतं.

मग अहवाल छापून आला आणि घरच्या प्रती निकामी झाल्या. पण कागद एका बाजूने कोरा! आमच्याकडे पाठकोरा कागद फेकणं म्हणजे अन्न फेकण्यासारखं होतं. माझी गणितं पाठकोऱ्यावर, भावाची चित्रं पाठकोऱ्यावर, वाण्याची यादी पाठकोऱ्यावर. आणि सगळ्यात जास्त म्हणजे आईच्या चिठ्ठ्या. आई पहाडगंजच्या मराठी शाळेत शिकवायची. उजाडायच्या आत घराबाहेर पडायची, बाबा उठायचे तेव्हा ती बसमध्ये असायची. ते परत यायचे तेव्हा ती शिकवण्यांना गेलेली असायची. त्यामुळे त्या दोघांचं बोलणं जेवणाच्या टेबलावर, लोणच्याच्या बरणीखाली व्हायचं. कुकर लावलाय, तीन शिट्ट्या करा. गॅसवाला येईल. धाकट्याचा ताप बघा. बाबा उत्तर लिहीत नसत. चिठ्ठी नाहीशी झालेली असायची, यावरून त्यांनी वाचली असं धरायचं.

तर आता संस्थेचा फोन आला म्हणून आईने गार्डला हाताशी धरून माळ्यावरची खोकी उतरवली. मी शनिवार-रविवारीच जाऊ शकते. गुरुग्रामहून पटपडगंजला एरवी रोज कोण जाईल? आई एकटी कामाला लागली. संध्याकाळी माझा फोन गेला की ती दिवसभराचं सांगायची. आज भाषणं निघाली. आज परदेशातल्या परिषदांचे बिल्ले निघाले, एवढे ढीगभर कशाला ठेवले कोण जाणे. मला बरं वाटायचं की तिला काहीतरी उद्योग आहे. माझं ऐकण्याकडे निम्मंच लक्ष असायचं.

एका संध्याकाळी ती म्हणाली, "अगं, पानिपतचं एक खोकं निघालंय. वर ह्यांनी लिहिलंय, 'पानिपत, ठेवणे'. आत घरच्या प्रती आहेत बघ. खालच्या."

"त्या तर आपण संपवल्या होत्या."

"तेच ना. ह्या वापरलेल्याच आहेत. मागे सगळं माझं लिहिलेलं. काहींवर तुझी गणितं आहेत, काही अगदी कोऱ्या. पण जास्त करून माझंच. कुकर नि गॅस नि काय काय." मग म्हणाली, "हे ह्यांनी का ठेवलं असेल?"

"बाबा सगळंच ठेवायचे."

"काही सगळं ठेवायचे नाहीत. तुझ्या वेळी मी नागपूरला होते तेव्हाची माझी सगळी पत्रं ह्यांनी रद्दीत घातली. मी परत आले तर एक नाही. विचारलं, तर म्हणाले, वाचली होती. बिल्कुल असंच म्हणाले. वाचली होती."

दुसऱ्या दिवशी तिने पुन्हा तेच विचारलं, तिसऱ्या दिवशीही. आडून आडून विचारायची, पण तिला काय हवंय ते मला समजत होतं. बाबांनी तो कागद पुढच्या बाजूसाठी ठेवला की मागच्या? फॉर्म म्हणून ठेवला की चिठ्ठी म्हणून? शहात्तराव्या वर्षी, माणूस गेल्यावर, तिला एवढंच जाणून घ्यायचं होतं. मी म्हटलं, आई, आता ते कसं कळणार? ती म्हणाली, "हो, ते पण आहे," आणि दुसरं बोलायला लागली. पण तिने ते सोडलं नव्हतं. जिने कधी नवऱ्याकडे साधा गजरा मागितला नाही, ती आता फोनवर मला तेच तेच विचारत होती, आणि मला तिची दया यायला हवी होती. मला फक्त थकवा आला.

पुढच्या शनिवारी अभिलेखागाराच्या बाई आल्या. माझ्याच वयाच्या, लखनौच्या, सुती साडी, हातात पांढरे मोजे. त्यांनी आईला नमस्कार केला, चहा नको म्हणाल्या आणि मग घेतला. बैठकीच्या खोलीत आईने सगळी खोकी ओळीने मांडून ठेवली होती, प्रत्येकावर चिठ्ठी. बाईंनी एकेक उघडून पाहिलं. पानिपतचं खोकं उघडल्यावर त्यांनी वरचे काही कागद बोटाने चाळले आणि त्या थांबल्या.

"ये इसी ऑर्डर में थे, आंटी जी?"

"नहीं नहीं," आई खूश होऊन म्हणाली. "मैंने लगाया. नंबर से. पूरा हफ्ता लगा. बीच के बहुत नंबर नहीं हैं, पर जितने हैं, सब लाइन से हैं."

"अच्छा," बाई म्हणाल्या. नुसतंच अच्छा. त्या फार सभ्य होत्या. पण नंतर आई आत गेल्यावर त्यांनी मला समजावलं. त्यांच्या कामात कागदाइतकाच कागदांचा क्रम महत्त्वाचा असतो. माणूस काय कशाच्या शेजारी ठेवतो, त्यावरून तो त्या वस्तूकडे कसं बघत होता ते कळतं. म्हणून त्या लोकांना पहिलं हेच सांगतात की जसं आहे तसं राहू द्या. या वेळी फोनवर सांगायचं राहिलं, चूक त्यांचीच. "कोई बात नहीं," त्या म्हणाल्या, "बाकी सब बढ़िया है. हम नोट लगा देंगे कि परिवार ने क्रम से लगाया."

एवढं सांगून त्यांनी आणखी एक सांगितलं. या फॉर्मवर लोकांची नावं आणि आजार आहेत, त्यामुळे हे खोकं वेगळं, बंद करून ठेवावं लागेल आणि बरीच वर्षं कुणाला बघता येणार नाही. त्यासाठी वरिष्ठांची सही हवी. बाकीची खोकी त्या आज नेतील, हे पुढच्या शनिवारी. तोवर ते कुणाला दाखवू नये.

खोकी घेऊन त्यांची गाडी गेली. बैठकीची खोली एकदम मोठी दिसायला लागली. मी त्या एकाच खोक्याजवळ जमिनीवर बसले आणि मला जे कळलं ते अगदी सावकाश कळलं. क्रमावरून सांगता आलं असतं. बाबांनी कागद फॉर्म म्हणून ठेवले असते तर नंबराने ठेवले असते. तो माणूस दुसऱ्या कुठल्या प्रकारे फॉर्म ठेवूच शकला नसता. आणि चिठ्ठ्या म्हणून ठेवले असते, तर जशा आल्या तशा, एकावर एक. खोकं उघडून नुसतं बघितलं असतं तरी आईला तिचं उत्तर मिळालं असतं. आणि आईने ते आठवडाभर खपून, नवऱ्याचं काम नीट व्हावं म्हणून, रविवारी लावायची तसं नंबराने लावून टाकलं होतं.

तिला हे सांगायचं नाही, असं मी ठरवलं. पण एक प्रश्न मला विचारायचाच होता. रात्रीच्या भाजीसाठी ती शेंगा मोडत होती. मी तिच्यासमोर बसून शेंगा मोडायला घेतल्या आणि शक्य तितक्या सहज विचारलं, "आई, ते पानिपतचं खोकं, तू उघडलंस तेव्हा आत कसं लावलेलं होतं?"

"लावलेलं कसलं. गोंधळ होता नुसता."

"म्हणजे?"

"म्हणजे बारा नंबरानंतर एकदम दोनशे काहीतरी, मग चाळीस, मग परत दोनशे. कोरे मध्येच कुठेतरी खुपसलेले. मला वाईटच वाटलं बघ. म्हटलं, शेवटी शेवटी डोकं चालत नव्हतं ह्यांचं. नाहीतर असं ठेवलं असतं का कधी?"

"आणि मागच्या बाजूला?"

"मागचा क्रम मी कशाला बघू? चेहरा पुढे असतो फॉर्मचा. माझंच तर लिहिलेलं, त्यात काय वाचायचं?"

मी पुढची शेंग उचलली. पण माझे हात थांबले असावेत, कारण तिने वर पाहिलं. आईने आयुष्यभर पाचवीच्या मुलांना गणित शिकवलं आहे. पोराला उत्तर आलंय आणि ते लपवतंय, हे तिला चेहऱ्यावरून कळतं.

"त्या बाई काय म्हणत होत्या तुला?"

मग मला सांगावं लागलं. मी अगदी थोडक्यात सांगितलं. बाबा नंबर चुकवणारे नव्हते, एवढं मी म्हटलं, आणि पुढचं ती स्वतःच जोडत गेली. तिच्या तोंडावर आधी काहीतरी उजळलं. मला ते स्पष्ट दिसलं, क्षणभर ती खूप तरुण वाटली. मग ते गेलं.

"म्हणजे ते लावलेलं होतं," ती म्हणाली.

"असेल. नक्की नाही सांगता येणार."

"आणि मी ते विस्कटलं."

"आई, नुसता गोंधळही असेल. खरंच."

ती उठली. शेंगा तशाच राहिल्या. तिने खोकं टेबलावर उचलून आणायला लावलं, दिवा लावला, चष्मा पुसला आणि पहिला कागद काढून पालथा घातला. मग दुसरा. ती आपल्याच चिठ्ठ्या वाचायला लागली होती. ह्यात धाकट्याला गोवर आलाय, म्हणजे हे आधीचं. ह्यात फ्रिज आहे, फ्रिज नंतर आला. ह्यात कोबी फ्रिजमध्ये आहे आणि तुझी दहावी आहे, म्हणजे हे अजून पुढचं. ती मला विचारायची, "तुझ्या शाळेची बस कधी बंद झाली ग?" मी सांगायची. मला आठवत नसेल तेव्हा भावाला बंगळुरूला फोन लावायचा. त्याला काही कळेना की आई फ्रिज कधी घेतला हे का विचारतेय. मी म्हटलं, सांग ना यार, काम आहे.

रविवारीही तेच चाललं. मी सोमवारी रजा टाकली. टेबलावर गठ्ठे झाले, गोवराच्या आधीचे, फ्रिजच्या नंतरचे, आजी येऊन राहिली तेव्हाचे. आई एखादा कागद उचलायची, दोन गठ्ठ्यांच्या मध्ये धरायची, आणि तिला सुचेपर्यंत तसाच धरून ठेवायची. ती जेवत होती, मी दिलं की चहा पीत होती. मी तिला मदत करत होते, पण ऑफिसचं काम करावं तशी. मला अजूनही काही वाटत नव्हतं, आणि आता त्याची लाज वाटायला लागली होती.

शेवटी उरला तो सगळ्यात मोठा गठ्ठा. त्यातल्या चिठ्ठ्यांमध्ये धरायला काहीच नव्हतं. उशीर होईल, जेवून घ्या. दूध तापवलंय. किल्ली शेजारी. उशीर होईल, जेवून घ्या. कुठल्याही वर्षातल्या कुठल्याही दिवशीच्या असाव्यात अशा. आई एकेक उचलून बघायची आणि परत ठेवायची. मग तिने बघणं थांबवलं.

"तारीख टाकत जा म्हणायचे," ती म्हणाली.

"कोण?"

"हेच. दुसरं कोण? चिठ्ठी लिहिलीस की वर तारीख टाकत जा. माझं डोकं फिरायचं. आधीच बस चुकायला आलेली. म्हटलं, मी काय तुमची पानिपतची पेशंट आहे? भाजी फ्रिजमध्ये आहे, एवढं सांगायला तारीख कशाला लागते? तर गप्प. आणि महिन्याभराने परत तेच. तारीख टाकत जा. रिटायर होईपर्यंत म्हणत होते."

"मग?"

"मग काय? नाही टाकली मी. एकदाही नाही."

तिचा हात गठ्ठ्यावर होता. मी तिच्याकडे बघत होते, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला काहीतरी वाटलं.

"आई," मी म्हटलं, "फेकायच्या कागदावर कुणी तारीख मागत नाही."

तिने गठ्ठा जवळ ओढला. मग ती जे बोलली ते माझ्याशी नव्हतं.

"मग तसं सांगायचं होतं ना," ती म्हणाली. "टाकली असती मी."